हातोडा आपटणारे न्यायमूर्ती

न्यायमूर्तींचा चेहरा दिसत नव्हता. हातोडा आपटल्याचा आवाज तेवढा येत होता. २०२४च्या ऑगस्टअखेरची ही गोष्ट. लुधियानाचे ८२ वर्षांचे उद्योगपती एस. पी. ओसवाल यांची अशी समजूत करून देण्यात आली होती, की व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयात त्यांच्याच प्रकरणाची सुनावणी चालली आहे. ओसवाल म्हणजे वर्धमान या वस्त्रोद्योग समूहाचे अध्यक्ष, पद्मभूषणाचे मानकरी. सीबीआयचे अधिकारी म्हणवणाऱ्यांनी त्यांच्यावर काळ्या पैशाच्या व्यवहाराचं बालंट आणलं, झोपतानाही फोनचा कॅमेरा सुरू ठेवायला लावला आणि कुणाजवळ चकार शब्द काढायचा नाही असं बजावलं. न्यायालयाचा शिक्का असलेला बनावट आदेशही धाडला. सात कोटी रुपये गेले.

आपल्याकडच्या न्यायालयांत हातोडा आपटायची पद्धत नाही, ती सिनेमातली. पण प्रकरण गळ्याशी आलेल्या माणसाला हे सुचणार कसं?

ओसवालांना ज्यात अडकवलं, ती 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक भारतीय कायद्यात कुठेच नाही, हे पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४मध्ये 'मन की बात'मधून सांगितलं. पोलीस, सीबीआय किंवा ईडी व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत, 'पडताळणीसाठी' खात्यात पैसेही भरायला लावत नाहीत. अशा सापळ्यात भोळी, अडाणी माणसंच सापडतात, या समजाला ओसवाल प्रकरणाने चांगलाच तडा दिला. भामट्यांची भिस्त असते ती माणसाला एकटं पाडण्यावर. ओसवालांनी एका सहकाऱ्याला विश्वासात घेतलं आणि बनाव उघडा पडला. तक्रार झाली, खाती गोठवली गेली, सव्वापाच कोटी परत मिळाले.

बाकीच्या युक्त्यांना एवढं नाटक लागत नाही. व्हॉट्सअॅपवर लग्नाची पत्रिका येते किंवा आरटीओचं चलन. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे, ते अॅप आहे. एकदा ते फोनात बसलं आणि एसएमएस वाचायची परवानगी मिळाली, की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. जुना सोफा ऑनलाइन विकायला काढणाऱ्याला 'पैसे पाठवतो, फक्त पिन टाका' म्हणणारा गिऱ्हाईक भेटतो. यूपीआयवर पैसे घेताना पिन लागतच नाही, एवढं ठाऊक असलं तरी हा डाव फसतो.

पैसे गेलेच तर घड्याळाकडे पाहायचं. चोरलेली रक्कम काही मिनिटांत भाड्याने घेतलेल्या दहा खात्यांमधून फिरते. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच कळवलं, तर ती वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते. बँकेलाही त्याच दमात कळवावं. ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने खात्यावर हात मारला आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आहे. ओटीपी स्वतःच देऊन बसलेल्याला कळवेपर्यंतचं नुकसान सोसावं लागतं. त्यानंतरचं बँकेच्या माथी. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणारी माणसं इथेच मार खातात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनात १९३० हा क्रमांक आजच नोंदवून द्यावा, आणि असा फोन आलाच तर आधी आपल्याला कळवा, कोणी रागावणार नाही, हेही त्यांना सांगावं.