मोहफूल वेचणाऱ्या हातांना काय हवे?



मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोलीच्या गावांत बायका पहाटेच मोहाखाली फुले वेचायला जातात. काही वर्षांपूर्वी मी एका आजीला म्हटले, "लगेच विकू नका, पावसाळ्यात भाव वाढतो." ती म्हणाली, "ताई, थांबायला घरात दाणे लागतात." त्याच पावसाळ्यात तिने व्यापाऱ्याकडून जादा दराने मोहफूल विकत घेतले.

आदिवासींना धंदा जमत नाही, असे आपण सहज म्हणतो. आजीला हिशोब पक्का येत होता. हाती थांबण्याची ताकद नव्हती. ही ताकद देणे हे सरकारचे काम आहे.

त्यासाठी आधी मालकी हवी. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफूल, तेंदूपान, बांबू यांसारखे गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वन खात्याच्या हाती होता. १९२७ चा भारतीय वन कायदा बांबूला झाड मानत होता, तर नवा कायदा गौण वनोपज. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मग गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. एका परवाना पुस्तकाला सरकारला खर्च तो किती आला असेल?

मालकीनंतर भांडवल आणि बाजार. गौण वनोपजाला हमीभाव देण्याची केंद्राची योजना २०१३-१४ मध्ये आली. २०१८ मध्ये वनधन योजना सुरू झाली. तिच्यात बचत गटांतील सुमारे ३०० जणांच्या केंद्राला प्रशिक्षण, अवजारे आणि प्रक्रियेसाठी १५ लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. पण हंगामात खरेदी केंद्र उघडले नाही, पैसे वेळेवर मिळाले नाहीत, तर हमीभाव कागदावरच राहतो. घेणारा नसेल तर यंत्रावर धूळ बसते.

आपले काम या दोन टोकांच्या मध्ये आहे. गेल्या वर्षी तुमच्या देणगीतून आजीच्या बचत गटाला हंगामापुरते धान्य उसने दिले. त्यांनी मोहफूल जुलैपर्यंत राखले. दोन पोती ओल लागून बुरशीने गेली, बाकीच्यांना चांगला भाव मिळाला. उसने धान्य त्यांनी मापून परत केले.

यंदा त्यांनी धान्य मागितलेले नाही. ओल न लागणारी कोठी बांधायची आहे आणि ग्रामसभेने पंचायत समितीकडे अर्ज दिला आहे. त्या अर्जासाठी प्रार्थना करा. तोवर पत्रे आणि विटांसाठी हातभार लावता आला, तर अवश्य लावा.