गोव्याचा चेंडू पोर्तुगालहून आला नाही

बेळगावात फुटबॉलच्या गप्पांत गोव्याचं नाव निघालं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "त्यांचं काय सांगतोस! चारशे वर्षं पोर्तुगीज होते तिथं. रक्तातच फुटबॉल आहे त्यांच्या." चोर्ला घाट उतरताना हे ऐकू येतं. सेंट पॉल्स शाळेच्या मैदानावर फादर एडी स्मृती फुटबॉल स्पर्धेतली पोरं बघताना ऐकू येतं. कोल्हापूरचं शाहू स्टेडियम तासाभराच्या वाटेवर असलेल्या निपाणीतही तेच. म्हणणाऱ्याला इतकी खात्री असते, की पोर्तुगीजांनी फुटबॉल आणला तर नेमका कोणत्या साली, हा साधा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही.

प्रश्न विचारला तर उत्तर सापडतं, आणि ते गैरसोयीचं आहे. गोव्यातल्या फुटबॉलची सुरुवात धरली जाते ती १८८३ साली, बार्देशातल्या शिवोलीत, आणि ती करणारा माणूस पोर्तुगीज नव्हता. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू प्रकृती सुधारण्यासाठी शिवोलीत येऊन राहिले होते. त्यांनी मुलांना शिकवायला घेतलं आणि शिक्षणात खेळही आणला. पुढे हडफड्याची सेंट जोसेफ शाळा त्यांच्याच हातून उभी राहिली. शंका असणाऱ्यांनी ब्रिटिश इतिहासकार जेम्स मिल्स यांचा गोव्यातलं चर्च आणि फुटबॉल यांवरचा लेख काढून वाचावा. त्यात १८८३ ते १९५१ हा सगळा प्रवास मांडलेला आहे.

आता पोर्तुगालकडे बघू. लिस्बनजवळच्या कास्काइशमध्ये गिलेर्मे पिंतो बास्तो यांनी प्रदर्शनी खेळ घडवून आणला तो १८८८ साली आणि लिस्बनमधला पहिला रीतसर सामना झाला जानेवारी १८८९मध्ये. म्हणजे शिवोलीच्या मुलांच्या पायाशी चेंडू आला, तेव्हा लिस्बनच्या मैदानात अजून पहिली शिट्टी वाजायची होती. जाणकार इथे मदैरा बेटाचं नाव पुढे करतील, आणि ते बरोबरच आहे. तिथल्या कामाशा गावात १८७५मध्ये फुटबॉल खेळला गेला होता. पण तो चेंडूही इंग्लंडात शिकणाऱ्या हॅरी हिंटन या तरुणानेच नेला होता. ज्यांच्याकडे स्वतःचाच खेळ उसना होता, त्यांनी तो गोव्याला वारशात दिला, हे म्हणणं कसं पटावं?

बेळगावकरांच्या तोंडी हा गैरसमज जास्तच खटकतो. कारण गोव्याला हा खेळ मिळाला तो ब्रिटिश हिंदुस्थानाशी असलेल्या नात्यातून, आणि त्या हिंदुस्थानात बेळगावही होतं. इथे ब्रिटिशांची छावणी होती; सेंट पॉल्स ही शाळा तर १८५६ची. गोव्यात राज्य पोर्तुगीजांचं, पण नोकऱ्या मुंबई, पुणे, बेळगावकडे. त्या मिळवायच्या तर इंग्रजी यायलाच हवी होती. म्हणून पोर्तुगीज मुलखात इंग्रजी शाळा निघाल्या आणि इंग्रजी शाळेबरोबर इंग्रजी खेळ आला. १८८८ साली मुरगावपासून कॅसल रॉकच्या सरहद्दीपर्यंत पोहोचलेली रेल्वेसुद्धा लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीची होती. आता याच धाग्यावरून 'फुटबॉल बेळगावातूनच गोव्यात गेला' असं कोणी ठोकून देऊ नये. त्याला आधार नाही. एक गैरसमज काढून दुसरा लावायचा नाही.

मग पोर्तुगीजांनी काहीच केलं नाही का? केलं, पण फार उशिरा आणि हेतू ठेवून. १९५१मध्ये सरकारी क्रीडा परिषद आली आणि गोव्याची लीग सुरू झाली. लिस्बनने आपल्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हणायला सुरुवात केली तेही याच वर्षी. गोवा मुक्तीची मागणी तापत गेली तसे बाहेरचे संघ येऊ लागले. १९५५मध्ये मोझांबिकचा, १९६०मध्ये खुद्द लिस्बनचा बेनफिका. गोव्याची फुटबॉल संघटना १९५९ची. डिसेंबर १९६१मध्ये राज्य गेलं, लीग राहिली. चारशे वर्षांच्या हिशेबात पोर्तुगीजांच्या फुटबॉलप्रेमाच्या वाट्याला जेमतेम दहा वर्षं येतात.

याच समजुतीचं एक जुळं भावंड आहे: गोव्याचा फुटबॉल म्हणजे ख्रिश्चनांचा खेळ. शाळा आणि चर्च यांनी तो गावोगाव नेला, हे खरंच. पण लीगला पैसा कोणी पुरवला? १९५६मध्ये 'विमसन' नावाने सुरू झालेला क्लब साळगावकरांचा, धेंपो क्लब धेंपो घराण्याचा; दोन्ही हिंदू घराणी, आणि दोन्ही खाणउद्योगातली. १९८३ ते १९८६ या काळात भारताचा कर्णधार असलेला साळगावकर क्लबचा गोलरक्षक म्हणजे ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर. त्यांना १९९७चा अर्जुन पुरस्कार मिळाला. नावावरून धर्म ओळखणाऱ्यांना एवढं पुरावं.

आणि ही लीग पहिल्यापासून व्यावसायिक होती, असंही नाही. कंपनीत नोकरी आणि कंपनीच्याच संघातून सामना, असा तो निमव्यावसायिक कारभार बराच काळ चालला. पगारपत्रकावर कामगार, रविवारी स्ट्रायकर. 'प्रोफेशनल लीग' हे नाव लागलं १९९८मध्ये. साळगावकरने राष्ट्रीय लीग जिंकली ती त्याच्या लगेच पुढे, १९९८-९९च्या हंगामात. गोव्याच्या क्लबचं ते पहिलं राष्ट्रीय लीग विजेतेपद.

बाकीच्या समजुतींवर फार शाई खर्च करायला नको.

'मराठी माणसाचा खेळ कुस्ती, फुटबॉल नव्हे.' शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या संघांची नुसती नावं वाचावीत: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

'संतोष करंडकाचा म्हैसूरचा जुना वारसा बेळगावचाही.' राज्यांच्या संघांमधला हा फुटबॉल करंडक म्हैसूरने १९४६-४७ आणि १९५२-५३मध्ये जिंकला तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबईकडे होता. तो म्हैसूर राज्यात गेला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. १९५४-५५चा करंडक मुंबईने जिंकला, त्याचा आनंद मात्र बेळगावकरांना हक्काने मानता आला असता.

'अनवाणी खेळतात म्हणून १९५०च्या विश्वचषकातून भारताला काढलं.' काढलं नाही, भारत स्वतःच गेला नाही. संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ, ही कारणं तेव्हा भारतीय फुटबॉल महासंघानेच दिली होती, आणि कर्णधार शैलेन मन्ना यांनीही पुढे बुटांची गोष्ट खोडून काढली.

'आयएसएल आली आणि गोव्यात फुटबॉल आला.' २०१४मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली तेव्हा एकट्या धेंपोच्या कपाटात राष्ट्रीय पातळीची पाच लीग विजेतेपदं होती. दोन वर्षांनी, आयएसएलभोवतीच्या नव्या रचनेत आपल्याला दुय्यम जागा मिळणार हे दिसल्यावर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले आणि आपल्या जुन्या गोवा लीगमध्ये खेळत राहिले.