मारिओ आपल्याकडे हळू का पळायचा? जुन्या गेमच्या मॉडिंगविषयीचे गैरसमज

नव्वदच्या दशकात अंबड-जालन्याकडच्या ज्या घरात टीव्हीला व्हिडिओ गेम जोडलेला असे, त्या घरात ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट बहुधा असायचीच. यादी उघडली की पहिल्या पानांवर मारिओ, कॉन्ट्रा आणि बॅटल सिटी, म्हणजे आपला टँकवाला गेम. पुढची पानं उलटत गेलं की पुन्हा तेच. कुठे कॉन्ट्रा तिसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठे तीस लाइफ, कुठे जुनाच गेम नव्या नावाने. त्या कॅसेटमध्ये ९९९९ गेम कधीच नव्हते. खरे गेम डझनावारी मोजावेत एवढे, बाकी त्यांचेच बदललेले अवतार. तैवान-चीनकडच्या कुणा कारागिराने मूळ गेममधले मोजके बाइट बदलले होते. आज यालाच रॉम हॅक म्हणतात आणि तो मॉडिंगचाच एक प्रकार आहे. म्हणजे ‘मॉड’ हा शब्द कानावर पडायच्या आधीच आपण मॉड खेळत होतो, तेही पैसे मोजून.

आता तीच पिढी आणि तिची मुलं पीसीवर एम्युलेटर टाकून ते गेम पुन्हा खेळतात आणि त्यांत स्वतः बदलही करू पाहतात. बहुतेकांचा गुरू म्हणजे ऐकीव माहिती. त्यातली बरीचशी चुकीची आहे, थोडी तर नेमकी उलटी.

‘एम्युलेटर घेतला की गेम आलेच’

येत नाहीत. एम्युलेटर हा जुन्या यंत्राच्या हार्डवेअरची नक्कल करणारा प्रोग्राम. जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमसाठी (अमेरिकेत तोच एनईएस झाला) मेसेन किंवा एफसीईयूएक्स, प्लेस्टेशन १ साठी डकस्टेशन, प्लेस्टेशन २ साठी पीसीएसएक्स२, पीएसपीसाठी पीपीएसएसपीपी. यांच्यात गेम नसतो. कॅसेटच्या चिपमधला मजकूर जशाचा तसा उतरवून घेतला की त्याला रॉम म्हणतात, डिस्कचा उतरवला की आयएसओ. डकस्टेशन आणि पीसीएसएक्स२ यांना मूळ यंत्राचा बायोस, म्हणजे यंत्राच्या आतलाच मूळ प्रोग्राम, हाही लागतो, पीपीएसएसपीपीला लागत नाही. एम्युलेटर, रॉम आणि बायोस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे मालकही वेगळे असू शकतात. कायद्याच्या बाबतीतला निम्मा गोंधळ इथेच सुरू होतो.

‘एम्युलेटरवर मारिओ फार जोरात पळतो, सेटिंग बिघडलं’

बहुतेक वेळा सेटिंग ठीक असतं. लहानपणी आपण जो मारिओ पाहिला तोच हळू होता.

अमेरिका-जपानच्या एनटीएससी टीव्हीवर सेकंदाला साधारण ६० वेळा चित्र बदलायचं. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे होते, त्यांच्यात ५० वेळा. मारिओ एका चित्रामागे किती सरकतो हे गेममध्ये ठरलेलं असतं. चित्रंच कमी झाली की मारिओही मंदावतो, मूळच्या पाच षष्ठांश वेगावर येतो. इथे विकल्या जाणाऱ्या नकली फॅमिकॉम यंत्रांना आपल्या टीव्हीसाठी पाल सिग्नल द्यावा लागे, म्हणून हा फरक. गंमत अशी की अशा यंत्रांच्या प्रोसेसरचा वेग मूळ यंत्राच्या जवळपास तेवढाच ठेवलेला असे, त्यामुळे संगीताची पट्टी फारशी उतरायची नाही, लय तेवढी संथ व्हायची. रशियात अशी यंत्रं ‘डेंडी’ नावाने विकली गेली आणि मेसेन व एफसीईयूएक्समध्ये त्याच नावाचा पर्याय आहे. तो निवडला की बालपणीचा वेग परत येतो. अमेरिकन खेळाडूंचे विक्रम बघून स्वतःला कच्चं समजणाऱ्यांनी ही पाच षष्ठांशाची गोष्ट ध्यानात ठेवावी.

‘मॉडिंग म्हणजे प्रोग्रामिंग, ते आपलं काम नव्हे’

काही मॉडना प्रोग्रामिंग लागतं, पण बऱ्याच मॉडना चिकाटी पुरते. त्यांचे ढोबळ दोन प्रकार करता येतील. एकात मूळ फाइलच बदलते. दुसऱ्यात मूळ फाइलला हातही लागत नाही, एम्युलेटर गेम चालवताना वरून बदल करतो. पीसीएसएक्स२ मध्ये मैदानाचं किंवा जर्सीचं नवं चित्र टाकता येतं ते असं: एम्युलेटर मूळ चित्र त्याच्या हॅशवरून, म्हणजे चित्राच्या बाइटांवरून काढलेल्या आकड्यावरून, ओळखतो आणि त्याच्या जागी तुमचं चित्र दाखवतो. चित्र रंगवायला फोटो-एडिटर येत असला की झालं.

आपल्याकडे मॉडिंग रुजवलं ते क्रिकेटने. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ नोव्हेंबर २००६ मध्ये पीसी आणि प्लेस्टेशन २ वर आला. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये. तेव्हा ज्या कुणाच्या ‘क्रिकेट ०७’ मध्ये मुंबई इंडियन्स किंवा चेन्नई सुपर किंग्ज खेळत होते, त्याच्याकडे मॉड होता, त्याला ते ठाऊक असो वा नसो. ‘व्हाइस सिटी’ या गेममधली हिंदी गाणीही त्याच वाणाची.

‘पॅच लागला नाही म्हणजे पॅच खराब’

हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. लोक संध्याकाळभर बसतात आणि शेवटी मॉड बनवणाऱ्याला शिव्या देतात. थोडं खोलात जाऊ.

मॉड बनवणारा सहसा पूर्ण गेम देत नाही, पॅच देतो, म्हणजे फक्त फरक. आयपीएस हा त्यातला जुना आणि साधा प्रकार. फाइलच्या सुरुवातीला ‘पॅच’ हा शब्द, मग नोंदी: अमुक जागी जा, इतके बाइट बदल, नवे बाइट हे. शेवटी ‘संपलं’ अशी खूण. जागा सांगायला तीनच बाइट असल्यामुळे १६ एमबीच्या पुढचं आयपीएसला दिसत नाही, म्हणून डिस्कवरच्या मोठ्या गेमसाठी एक्सडेल्टासारखे दुसरे प्रकार वापरतात.

आयपीएस आंधळा आहे. समोरची फाइल योग्य आहे का, हे तो तपासत नाही. ‘जागा अमुक’ म्हटलं की तिथे लिहून मोकळा. सुपर निन्टेन्डोच्या जुन्या रॉमना कॉपी करणाऱ्या यंत्राने सुरुवातीला ५१२ बाइटचा हेडर जोडलेला असे. पॅच हेडरशिवायच्या फाइलसाठी आणि तुमची फाइल हेडरसकट असेल, तर प्रत्येक बदल ५१२ घरं चुकतो. गेम सुरू झालाच तरी पडद्यावर नुसता कचरा. अमेरिकन, जपानी आणि युरोपियन आवृत्त्यांतही बाइटांच्या जागा वेगळ्या असतात. बीपीएस हा नवा प्रकार आधी चेकसम, म्हणजे फाइलच्या बाइटांवरून काढलेला आकडा, ताडून पाहतो आणि जुळलं नाही तर सरळ नकार देतो. पर्याय असेल तेव्हा तोच घ्यावा. आयपीएसच असेल तर माहितीच्या फाइलमध्ये दिलेला सीआरसी किंवा एसएचए-१ आकडा आपल्या रॉमशी आधी जुळवावा. एक बाइट जरी वेगळा असला तरी आकडा बदलतो.

प्लेस्टेशन २ चंही तेच. भारतात अधिकृतपणे मिळणाऱ्या डिस्क युरोपीय पाल आवृत्तीच्या असत. पीसीएसएक्स२ साठी बदलांचा कोड ज्यात असतो त्या पीनॅच फाइलच्या नावात गेमचा सीआरसी असतो. अमेरिकन डिस्कसाठी लिहिलेला कोड आपल्या डिस्कवर टाकला, तर काही होत नाही किंवा गेम कोसळतो.

याच घराण्यातला आणखी एक घोटाळा सेव्ह स्टेटचा. लोडशेडिंग सोसलेला माणूस दर पाच मिनिटांनी सेव्ह स्टेट करतो, ते स्वाभाविकच. पण सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणीच्या अख्ख्या मेमरीचं चित्र. डिस्कवरच्या गेमचा कोड मेमरीत चढलेला असतो, त्यामुळे पॅच लावल्यावर जुनं सेव्ह स्टेट उघडलं की जुना, बिनपॅचचा कोड परत येतो आणि माणूस म्हणतो, मॉड चालतच नाही. मेमरी कार्डवर, गेमच्या आतून केलेला सेव्ह वेगळा. मॉड लावल्यावर गेम पहिल्यापासून सुरू करून तोच उघडावा.

‘मराठी फॉन्ट टाकला की गेम मराठीत’

इथे मला सर्वांत जास्त रस आहे. एनईएसचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. तो ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरश्यांनी, म्हणजे टाइल्सनी, भरलेला असतो. पार्श्वभूमीसाठी एका वेळी २५६ टाइल्स. अक्षरं, विटा, ढग सगळे त्यातच बसवायचे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० केबींत मावतो, म्हणून त्यात ढग आणि झुडूप एकाच टाइल्सचे आहेत, फक्त रंग वेगळे. विंडोजमधल्या फॉन्टशी या दुनियेचा संबंध नाही. अक्षर म्हणजे टाइल, आणि ती ठिपका-ठिपका करून वायवाय-सीएचआरसारख्या टाइल एडिटरमध्ये स्वतः काढायची.

आठ ओळींत इंग्रजी कॅपिटल अक्षर आरामात बसतं. देवनागरीत एक ओळ शिरोरेषेची, वर मात्रा-वेलांटीला निदान दोन, खाली उकाराला दोन. अक्षराला उरल्या तीन. त्यात ‘क’ आणि ‘फ’ वेगळे दाखवून बघा! म्हणून एकावर एक अशा दोन टाइल्स, ८ बाय १६, घ्याव्या लागतात. शिरोरेषा मात्र सोपी: ती टाइलच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढली की शेजारच्या अक्षराशी आपोआप जुळते.

मग जोडाक्षरं. गेमला ‘क + ष = क्ष’ कळत नाही, प्रत्येक जोडाक्षर वेगळं काढायचं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आपणच लिहायची, कारण तिला जागेवर नेणारं कुणी नाही. श्रीलिपीत डीटीपी केलेल्यांना हे नवं वाटणार नाही. युनिकोडच्या आधी आपले फॉन्ट असेच चालत, दिसतं त्या क्रमाने. अशा कामात गावातल्या जुन्या छापखान्यातला ऑपरेटर संगणकशास्त्राच्या पदवीधराच्या पुढे जाईल, अशी माझी खात्री आहे.

लांबीचाही हिशेब लागतो. इंग्रजी ‘गेम ओव्हर’ला मधल्या जागेसकट नऊ टाइल्स. ‘खेळ संपला’ला ‘ख’ रुंद म्हणून दोन, मग ळ, रिकामी जागा, सं, प, ल आणि काना, एकूण आठ. बसतं. मराठी इंग्रजीपेक्षा नेहमी जास्त आडवी जागा खाते, हाही एक गैरसमजच.

‘एम्युलेटर बेकायदा’ आणि ‘जुना गेम फुकटच’

दोन्ही चूक. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात २००० मध्ये अपिली न्यायालयाने एम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. २०२४ मध्ये ‘युझू’ या एम्युलेटरच्या निर्मात्यांनी निन्टेन्डोला २४ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं ती तडजोड होती, आणि तिथला मुख्य आक्षेप निन्टेन्डोच्या स्विच या यंत्राच्या गेमचं कुलूप तोडण्याबद्दल होता.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एडी) सांगतं की स्वतः वैध मार्गाने मिळवलेल्या प्रतीपासून बिगर-व्यापारी, वैयक्तिक वापरासाठी संगणक प्रोग्रामची प्रत किंवा रूपांतर करणं हे उल्लंघन नव्हे. हौशी मॉडरच्या दृष्टीने हे मोलाचं वाक्य आहे. पण ‘स्वतः’, ‘वैध’ आणि ‘बिगर-व्यापारी’ हे तिन्ही शब्द त्यात आहेत. पेनड्राइव्हवर दहा हजार गेम भरून विकणाऱ्याला ते लागू होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ६५ए हे कलम उल्लंघनाच्या हेतूने संरक्षण तोडण्यावर शिक्षा ठेवतं आणि ६३बी बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्यावर. ‘रॉम २४ तास ठेवला तर चालतो’ ही निव्वळ अफवा, असा नियम ना इथे आहे ना अमेरिकेत. ‘गेम आता बाजारात नाही म्हणून मोकळा’ यालाही आधार नाही. कॉपीराइट दशकानुदशकं टिकतो, आणि निन्टेन्डो आपले एनईएसचे गेम आजही वर्गणीवर देते.

उरलेलं थोडक्यात. रॉममध्ये व्हायरस असतो का? एनईएसचा रॉम विंडोज स्वतः चालवत नाही, त्यामुळे धोका असतो तो गेमच्या नावाने आलेल्या ‘.ईएक्सई’ फाइलचा. विंडोज फाइलच्या नावाचं हे शेपूट (एक्स्टेन्शन) मुळात लपवून ठेवतं, ते दिसेल असं सेटिंग आधी करा. महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं का? एनईएससाठी कुठलाही जुना पीसी पुरतो. पण २०११ मध्ये बीएसएनईएस या एम्युलेटरच्या निर्मात्याने दाखवून दिलं होतं की सुपर निन्टेन्डोची काटेकोर नक्कल करायला ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागतो. पीसीएसएक्स२ ला एका कोरचा वेग लागतो, कार्ड उपयोगी पडतं ते चित्र मोठं आणि रेखीव करायला.

अंबडमधल्या कुणाला सुरुवात करायची असेल, तर घरात पडलेली प्लेस्टेशन २ ची डीव्हीडी काढा. पीसीचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह ती वाचतो, आयएसओ तिथूनच बनतो. कॅसेट असेल तर ती वाचणारं वेगळं यंत्र लागेल. काहीच नसेल तर ‘नोव्हा द स्क्विरल’ हा एनईएससाठी अलीकडे बनलेला गेम घ्या, त्याचा सोर्स कोड खुला आहे. आणि तुमचा मॉड तयार झाला की मित्रांना फक्त पॅच पाठवा, रॉम नको. सोबत एका ओळीत गेमची आवृत्ती आणि सीआरसी लिहा.