फँटसी फुटबॉल ड्राफ्ट

फँटसी फुटबॉल ड्राफ्ट म्हणजे फँटसी फुटबॉल खेळणाऱ्यांनी हंगामापूर्वी एकत्र येऊन आपापल्या काल्पनिक संघांसाठी खऱ्या खेळाडूंची निवड करण्याची प्रक्रिया होय. येथे 'फुटबॉल' हा शब्द अमेरिकन फुटबॉल या अर्थाने वापरला जातो. खेळाडू अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या व्यावसायिक स्पर्धेतील असतात आणि प्रत्यक्ष सामन्यांतील त्यांच्या कामगिरीवरून काल्पनिक संघाला गुण मिळतात. एका लीगमध्ये बहुधा १० किंवा १२ संघ असतात. एकदा निवडलेला खेळाडू त्या लीगमधील अन्य कोणालाही घेता येत नाही. प्रत्येक निवडीसाठी सामान्यतः ६० ते ९० सेकंद मिळतात. एवढ्या अल्प वेळात नव्याने विचार करणे कठीण असते. त्यामुळे बहुतेक निर्णय आधीच घेऊन ठेवणे आणि ड्राफ्ट चालू असताना नोंदी व्यवस्थित ठेवणे, या दोन गोष्टींवर यश बरेचसे अवलंबून असते.

इतिहास

फँटसी फुटबॉलची कल्पना १९६२ मध्ये ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकनबाख यांनी मांडली. संघाच्या दौऱ्यात न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात त्यांनी बिल टनेल आणि पत्रकार स्कॉटी स्टर्लिंग यांच्यासह नियम तयार केले. पहिला ड्राफ्ट ऑगस्ट १९६३ मध्ये झाला आणि त्यात आठ संघ होते. सर्वप्रथम निवडला गेलेला खेळाडू म्हणजे ह्यूस्टन ऑइलर्सचा जॉर्ज ब्लँडा. ब्लँडा चेंडू फेकणारा क्वार्टरबॅकही होता आणि चेंडू लाथाडून गुण मिळविणारा किकरही होता. त्या लीगची गुणपद्धती मुख्यतः टचडाउन आणि किक यांवर आधारलेली असल्याने दोन्ही भूमिका सांभाळणारा खेळाडू विशेष उपयुक्त ठरत असे. नियमांवरून खेळाडूचे मोल ठरते, हे तत्त्व पहिल्याच निवडीत दिसून येते. १९९० च्या दशकात इंटरनेटच्या प्रसारानंतर हा खेळ घरोघरी पोहोचला.

निवडीच्या पद्धती

१. सर्पाकृती ड्राफ्ट: ही सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे. प्रत्येक फेरीत निवडीचा क्रम उलटतो. दहा संघांच्या लीगमध्ये पहिल्या संघाला १, २०, २१ आणि ४० या क्रमांकांच्या निवडी मिळतात, पाचव्याला ५, १६, २५ आणि ३६, तर दहाव्याला १०, ११, ३० आणि ३१. म्हणजे पहिल्या संघाच्या पहिल्या दोन निवडींच्या दरम्यान १८ खेळाडू निघून जातात. पाचव्या संघाला तेवढी दीर्घ प्रतीक्षा करावी लागत नाही, मात्र लागोपाठ दोन निवडींची संधीही मिळत नाही.

२. लिलाव ड्राफ्ट: यात प्रत्येकाला ठरावीक काल्पनिक रक्कम, बहुधा २०० डॉलर, दिली जाते आणि प्रत्येक खेळाडूवर बोली लागते. इंडियन प्रीमियर लीगचा लिलाव पाहिलेल्यांना ही पद्धत सहज समजते. प्रत्येक रिकाम्या जागेसाठी किमान एक डॉलर राखून ठेवावा लागतो. उदाहरणार्थ, पाच जागा रिकाम्या आणि ३० डॉलर शिल्लक असल्यास एका खेळाडूवर जास्तीत जास्त २६ डॉलरची बोली लावता येते.

पूर्वतयारी

नियमांचा अभ्यास: पहिली पायरी म्हणजे आपल्या लीगची गुणपद्धती आणि संघरचना वाचणे. प्रचलित रचनेत एक क्वार्टरबॅक, दोन रनिंग बॅक (मुख्यतः चेंडू घेऊन धावणारे), दोन वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे), एक टाइट एंड, यांपैकी शेवटच्या तीन प्रकारांतील कोणताही एक जादा खेळाडू, एक किकर, एका संघाची संपूर्ण बचावफळी आणि काही राखीव खेळाडू असतात. काही लीगमध्ये प्रत्येक झेलासाठी स्वतंत्र गुण असतो. तेथे वाइड रिसीव्हरांचे महत्त्व वाढते. दोन क्वार्टरबॅक खेळविण्याची मुभा असल्यास क्वार्टरबॅक लवकर संपतात. त्यामुळे एका लीगसाठी केलेली यादी दुसरीत जशीच्या तशी वापरणे योग्य नसते.

तुलनात्मक मूल्य: खेळाडूचे मूल्य त्याच्या अपेक्षित एकूण गुणांवरून ठरत नाही, त्याच जागेसाठी पुढे सहज मिळू शकणाऱ्या खेळाडूपेक्षा तो किती सरस आहे, यावरून ठरते. समजा, दहा संघांच्या लीगमध्ये सर्वोत्तम क्वार्टरबॅककडून हंगामात ३६० आणि दहाव्या क्वार्टरबॅककडून ३०० गुण अपेक्षित आहेत; फरक ६० गुणांचा आहे. सर्वोत्तम रनिंग बॅककडून ३०० आणि विसाव्याकडून १७० गुण अपेक्षित असतील, तर फरक १३० चा होतो. प्रत्येक संघाला एकच क्वार्टरबॅक परंतु दोन रनिंग बॅक लागत असल्याने दहावा आणि विसावा अशी तुलना केली आहे. या उदाहरणात एकूण गुण कमी असूनही रनिंग बॅकची निवड अधिक लाभदायक ठरते.

श्रेणीवार यादी: केवळ १ ते १०० असा अनुक्रम लावण्यापेक्षा प्रत्येक स्थानाचे खेळाडू श्रेणींमध्ये विभागणे उपयुक्त ठरते. जवळपास समान अपेक्षा असलेले खेळाडू एका श्रेणीत ठेवून दोन श्रेणींच्या मध्ये रेघ ओढली जाते. एखाद्या श्रेणीत पाच जण शिल्लक असतील तर थांबता येते. एकच उरला असेल तर निवड तातडीची होते. त्यासोबत खेळाडू सरासरी कितव्या क्रमांकावर निवडला जातो हा आकडा लिहून ठेवल्यास, तो पुढील पाळीपर्यंत उरेल की नाही याचा अंदाज बांधता येतो.

सराव आणि ताजी माहिती: अनेक संकेतस्थळांवर सराव ड्राफ्टची सोय असते. आपल्याच क्रमांकावरून दोन-तीन वेळा सराव केल्यास यादीतील उणिवा लक्षात येतात. ड्राफ्टच्या दिवशी सकाळी दुखापती, निलंबन आणि संघबदल यांच्या बातम्या पाहून यादी सुधारणे आवश्यक असते.

ड्राफ्टच्या वेळची व्यवस्था

ड्राफ्टच्या वेळी पुढील तीन कागद किंवा तक्ते जवळ असल्यास गोंधळ टळतो.

१. स्थानानुसार श्रेणीवार यादी. कोणीही खेळाडू निवडला की त्याचे नाव तत्काळ खोडावे.
२. स्वतःच्या संघाचा तक्ता. यात सर्व जागा आधीच आखलेल्या असाव्यात आणि प्रत्येक नावापुढे विश्रांतीचा आठवडा लिहावा. २०२१ पासून एनएफएलचा प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो, त्यामुळे एका आठवड्यात त्याचे खेळाडू गुण मिळवू शकत नाहीत.
३. इतर संघांच्या निवडींचा तक्ता. आपल्यानंतर ज्यांच्या पाळ्या आहेत त्यांच्याकडे क्वार्टरबॅक आधीच असल्यास तो घेण्याची घाई करावी लागत नाही.

आपली पाळी येण्यास दोन-तीन निवडी उरल्या असता संभाव्य नावे क्रमाने ठरवून ठेवावीत. ऑनलाइन ड्राफ्टमध्ये अशी नावे रांगेत लावण्याची सोय असते. वेळ संपल्यास संगणक स्वतः निवड करतो आणि ती संकेतस्थळाच्या प्रचलित क्रमवारीनुसार होऊ शकते. म्हणून शक्य तेथे स्वतःची क्रमवारी आधी नोंदवून ठेवणे हिताचे असते.

सामान्य चुका

आधीच निवडल्या गेलेल्या खेळाडूचे नाव पुकारणे ही एकत्र बसून होणाऱ्या ड्राफ्टमधील नेहमीची चूक आहे. नाव वेळीच न खोडणे हे तिचे कारण असते. लागोपाठ चार-पाच जणांनी एकाच स्थानाचे खेळाडू घेतल्यावर घाबरून त्याच स्थानाकडे धाव घेणे, आवडत्या संघाचे खेळाडू वाजवीपेक्षा आधी घेणे आणि किकर फार लवकर निवडणे, याही चुका वारंवार आढळतात. मनाजोगता खेळाडू हातचा गेल्यानंतरची पुढील निवड अनेकदा चिडून केली जाते. तेव्हा शांतपणे यादीकडे परतता यावे, हा लेखी तयारीचा मोठा उपयोग आहे.

भारतीय संदर्भ

भारतात रूढ झालेल्या क्रिकेटच्या फँटसी खेळांत आणि इंग्लिश फुटबॉलवर आधारित फँटसी प्रीमियर लीगच्या मूळ प्रकारात ठरावीक आभासी रकमेत संघ बांधला जातो. तेथे एकच खेळाडू कितीही जणांना घेता येतो, म्हणून इतरांच्या निवडींवर नजर ठेवून पाळी साधण्याचे कौशल्य तेथे लागत नाही. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. अमेरिकेतील नातेवाईक किंवा मित्र यांच्या लीगमध्ये भारतातून विनामूल्य सहभागी होणाऱ्यांनी वेळेतील फरक ध्यानात घ्यावा: न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रविवारी सायंकाळी ७ वाजता सुरू होणारा ड्राफ्ट भारतात सोमवारी पहाटे ४.३० वाजता सुरू होतो.