दूरदृश्य संवाद, वर्गातील

परस्परांपासून दूर असलेल्या व्यक्तींना एकाच वेळी एकमेकांचे चित्र व आवाज मिळवून देणारी संदेशवहन पद्धत. ती ‘व्हिडिओ कॉन्फरन्सिंग’ या नावानेच अधिक परिचित आहे. शाळेबाहेरील तज्ञास प्रवासाविना वर्गात बोलते करणे, हा तिचा एक महत्त्वाचा शैक्षणिक उपयोग होय.

एकमार्गी प्रक्षेपणाहून ती मूलतः भिन्न आहे. भारतात १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या प्रयोगात एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली; परंतु तेथील मुलास वक्त्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. एज्युसॅट (२००४) उपग्रहाच्या जाळ्यातील काही केंद्रांवर ती उपलब्ध झाली. तथापि भूस्थिर उपग्रह सु. ३६,००० किमी. उंचीवर असल्याने संदेश पलीकडे पोहोचण्यास सु. पाव सेकंद व उत्तर परतण्यास तितकाच वेळ लागतो. प्रत्यक्ष संभाषणात दोघांच्या बोलण्यामधील विराम सरासरीने सु. पंचमांश सेकंदाचा असतो. त्यामुळे उपग्रहीय संवादात दोघेही एकदम बोलू लागतात व एकदमच थांबतात. जमिनीवरील प्रकाशतंतूंच्या मार्गे हा विलंब पुष्कळच कमी होतो.

कॉर्नेल विद्यापीठात १९९२ मध्ये तयार झालेल्या ‘सीयू-सीमी’ या प्रणालीमुळे साध्या संगणकावर इंटरनेटद्वारे कृष्णधवल चित्रसंवाद शक्य झाला. अमेरिकेतील ‘ग्लोबल स्कूलहाउस’ प्रकल्पाने १९९३ मध्ये तो शाळांत आणला. स्काइपने २०११ मध्ये शिक्षकांसाठी खास सेवा सुरू केली. तीतून पाहुणे वक्तेही मिळत. स्काइप २०२५ मध्ये बंद झाले, तोवर २०२० च्या करोना महासाथीने अशी साधने घरोघरी नेली होती. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने अमृता विद्यापीठाच्या ‘ए-व्ह्यू’ प्रणालीद्वारे देशभरच्या केंद्रांतील हजारो अभियांत्रिकी अध्यापकांना एकाच वेळी शिकविले. तेथे प्रत्येक केंद्रावर स्थानिक समन्वयक असे, ही गोष्ट शाळांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे.

वर्गात चित्रापेक्षा आवाजाची निगा अधिक महत्त्वाची. चित्र धूसर असले तरी चालते, शब्द तुटले की वर्ग हातचा जातो. ध्वनिक्षेपकाचा आवाज ध्वनिग्राहकात शिरल्यास वक्त्यास स्वतःचेच बोलणे मागाहून ऐकू येते. म्हणून प्रतिध्वनी-निवारक योजना लागते व प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने ध्वनिग्राहकाजवळ यावे लागते. जोडणी क्षीण झाल्यास चित्र बंद करून केवळ आवाज चालू ठेवावा.

तासभर अखंड व्याख्यान द्यावयाचे असेल, तर ध्वनिचित्रफीतही पुरते. या साधनाचे सामर्थ्य प्रश्नोत्तरांत आहे. वक्त्याने दहा-पंधरा मिनिटे बोलावे आणि उरलेला वेळ, शिक्षकाच्या मदतीने मुलांनी आधीच लिहून काढलेल्या प्रश्नांना द्यावा. दुर्गम शाळेतील मुलास वेधशाळेतील खगोलज्ञ किंवा एखादा कुशल कारागीर एरवी क्वचितच भेटेल. मात्र जेथे विज्ञानाचा शिक्षकच नेमलेला नाही, तेथे महिन्यातून एकदा पडद्यावर येणारा शास्त्रज्ञ ती उणीव भरून काढू शकत नाही. अशा नेमणुका टाळण्याची सबब म्हणून त्याचा वापर होणे घातक आहे. संवादाचे मुद्रण करावयाचे झाल्यास वक्त्याची व पालकांची संमती अगोदर घ्यावी.