निळ्या ज्योतीमागची सबुरी

पहाटे अंधेरी-जोगेश्वरीच्या गल्ल्यांत सहरीचे दिवे लागतात, नळाच्या गॅसवर चहा चढतो. अम्मी-आपांच्या हाताखालच्या त्या ज्योतीतला काही वायू मुंबईच्या पश्चिमेला, समुद्राच्या पोटातून येतो. ‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये तिथे तेल शोधले, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. जुहूहून घरघरत जाणारी हेलिकॉप्टरे आपण रोज ऐकतो. त्यांत १४ दिवसांच्या पाळीवर निघालेली माणसे असतात.

विहीर खोदली, नळी जोडली, चावी फिरवली, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात नवे वायुक्षेत्र सुरू करताना चावी सगळ्यांत शेवटी फिरते. आधी नळ्यांत पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. कुठला सांधा पाझरतो ते वायू येण्याआधीच कळावे म्हणून. मग पाणी काढून नळ्या कोरड्या करायच्या. ओल राहिली तर जास्त दाबाखाली गारठ्यात वायू आणि पाणी मिळून बर्फासारखे खडे होतात, नळी तुंबते. त्यानंतर नायट्रोजन सोडून आतली हवा हुसकावतात. हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असला की एक ठिणगी पुरते.

आपल्या वसई क्षेत्राच्या वायूत हायड्रोजन सल्फाइडही असतो. कुजक्या अंड्यासारखा वास, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. म्हणून भरवसा सेन्सरवर ठेवायचा, आणि तो सेन्सर खरेच बोंबलतो का, हे आधी पाहायचे. आपत्कालीन झडपा मुद्दाम बंद करून बघतात, रात्री-अपरात्री भोंगा वाजवून सगळ्यांना जीवरक्षक नौकांपाशी गोळा करतात.

कागदही तितकाच महत्त्वाचा. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’वर दुरुस्तीसाठी एका पंपाची सुरक्षा झडप काढलेली होती. ती गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोहोचलीच नाही, पंप सुरू केला गेला. १६७ माणसे गेली.

आपलीही जखम आहे. २६ जुलै २००५ चा पाऊस उपनगरांत कोण विसरेल? दुसऱ्याच दिवशी ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरच्या एका जखमी स्वयंपाक्याला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवायचे होते. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडत नव्हते, म्हणून जहाज जवळ घेतले. ते वायूच्या उभ्या नळीवर आदळले. सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म संपला, २२ जण गेले, ३६२ वाचले. जहाज कुठे लागणार, नळी कुठे उभी राहणार, हे प्रश्न नकाशा कागदावर असतानाच विचारायचे असतात.

२००८ मध्ये समुद्रातल्या कामांसाठी स्वतंत्र सुरक्षा नियम आले. पण आपल्याकडे उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि काम तिच्यामागे धावते. हे रस्त्याच्या पुलाला कसेबसे चालत असेल, वायूला नाही. ‘अजून तयार नाही’ म्हणणाऱ्या अभियंत्याला तिथे किती मान मिळतो, हे मला नियमपुस्तकाइतकेच महत्त्वाचे वाटते.

सगळे जमले की विहिरीची झडप थोडी उघडतात आणि थांबतात. दाब बघायचा, तापमान बघायचे, पुन्हा थोडी उघडायची. सुरुवातीचा वायू उंच फ्लेअरवर जाळून टाकतात. घरच्या शेगडीकडे येणारा वायू त्यानंतरचा.