डेर, डी आणि डास!

‘मिस, मागे टेका! मागे! पुढे नाही!’

हे मला कोण सांगतंय? सहावीतला एक मुलगा. पंचवीसेक फूट खाली उभा राहून, दोन्ही हातांचा भोंगा करून. आणि मी वर, खडकाच्या कडेवर. कमरेला हार्नेस, डोक्याला पिवळंधम्मक हेल्मेट आणि चेहऱ्यावर... जाऊ दे.

फ्रीलान्सिंगवर घरभाडं भागत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं! म्हणून आठवड्यातले दोन दिवस मी पुण्यातल्या एका शाळेत जर्मनची सहायक शिक्षिका असते. ‘फक्त मुलांवर लक्ष ठेवायचं,’ असं सांगून शाळेने जानेवारीत मला अठरा मुलांबरोबर साम्रदला पाठवलं. अकोले तालुका, म्हणजे आपला नगर जिल्हा, 2024 पासून अहिल्यानगर. भंडारदरा मागे टाकून, रतनगडाच्या शेजारी. सांदण दरीचं गाव.

दरीत उतरण्याआधी गावाजवळच्या एका खडकावर रॅपलिंगचा पहिला धडा. मी पाण्याच्या बाटल्या मोजत उभी. एवढ्यात कोणीतरी ओरडलं, ‘मिस पण येणार!’ साम्रदच्या दादांनी लगेच हार्नेस पुढे केला. ‘या ताई, काही होत नाही.’

थिअरी अगदी सोपी. पाय खांद्याएवढे फाकवायचे, दोर धरलेला हात कमरेमागे न्यायचा (तोच तुमचा ब्रेक) आणि खुर्चीत बसल्यासारखं मागे रेलायचं. प्रॅक्टिकलला मात्र जीव म्हणतो, खडकाला बिलग. आणि बिलगलात की पायांचा दाब सुटतो, पाय सटकतात. माझे दोनदा सटकले. सुरक्षेचा दुसरा दोर वरून दादांनी धरलेला, म्हणून लटकले एवढंच.

मुलांचा प्रॉब्लेम वेगळाच! ती इतकी हलकी की धातूच्या कडीतून दोर सरकेचना. बिचारी हाताने दोर पुढे ढकलत उतरत होती. माझ्या बाबतीत ही अडचण मुळीच आली नाही.

मी अधांतरी, आणि खालून प्रश्न : ‘मिस, दोर म्हणजे झाइल ना? डेर, डी की डास?’ वर्गात मी मोठ्या तोऱ्यात सांगते, मराठीत तो-ती-ते आहे, मग जर्मनला काय घाबरायचं? ‘डी!’ मी किंचाळले. ‘चूक! डास!’ पाठोपाठ अठरा जणांचं खिंकाळणं. खरा उच्चार ‘दास’. पण आमच्या वर्गात तो कायम चावणारा डास असतो.

सगळ्यात जोरात ओरडणारा तोच मुलगा होता. वर्गात हा कधीच तोंड उघडत नाही. विचारलं की खाली बघतो. मला वाटायचं, अभ्यास करत नाही. इथे मात्र तो सगळ्यांच्या आधी उतरला होता आणि न चिडता, न हसता मला सांगत होता, ‘लांगझाम, मिस, लांगझाम.’ हळू, मिस, हळू. बाईंचा एक शब्द बाईंनाच परत.

उतरले. पाय लटपटत होते. त्याला म्हटलं, ‘खूप घाबरले रे.’ तो सहज म्हणाला, ‘माझं वर्गात असंच होतं. सगळे बघत असतात ना.’

यावर माझ्याकडे ना मराठीत उत्तर होतं, ना जर्मनमध्ये.

पुढच्या तासाला त्याला प्रश्न विचारला आणि गप्प राहिले. मनात दहा आकडे मोजले. आठव्या आकड्याला उत्तर आलं. आर्टिकल चुकलेलं होतं. पण आलं!

जाणार असाल तर
* पावसाळ्यात दरीत उतरू नका. अरुंद घळीत पाण्याचा लोंढा आला तर बाजूला व्हायला जागा नसते.
* दरीच्या वाटेत पाण्याचे डोह लागतात. कपड्यांचा जास्तीचा जोड हवाच.
* गावातला वाटाड्या घ्या. हेल्मेट आणि सुरक्षेचा दुसरा दोर नसेल तर रॅपलिंगला चक्क नाही म्हणा.
* बरोबर लहान मुलं असतील तर उत्तम. शिकवायला कोणीतरी लागतंच!